लग्नतिथीसाठी मतदानाची तारीख बदलते, मग ऊसतोडीसाठी का नाही? निवडणूक आयोगाला खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त आणि मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

(माहितीसाठी: मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र, साखर आयुक्त, पुणे, आणि पाच वर्षांतून एकदा आमच्या वाडीचा रस्ता ज्यांना बरोबर सापडतो ते सगळ्या पक्षांचे लोक)

सन्माननीय महोदय,

"मी एक सामान्य नागरिक" अशी सुरुवात करायची पद्धत आहे पण त्यातून काहीच कळत नाही, म्हणून सरळ सांगतो. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. आई-वडील ऊसतोड कामगार. माझं लहानपण अर्धं गावात आणि अर्धं साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत गेलं, पुढं आजीनं गावात ठेवून घेतलं म्हणून शाळा झाली, आणि आता मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्ड, आणि मतदार यादीत नाव घालायचे, वगळायचे, बदलायचे तुमचे फॉर्म ६, फॉर्म ७, फॉर्म ८. त्यामुळे मतदार यादी ही भानगड मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं. त्या दिवशी आई-वडील कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडात होते, गावापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर. दुपारी मी फोन केला तर आई म्हणाली, गाडी भरायची राहिलीय, नंतर कर. मागून कुणीतरी मोळ्या मोजत होतं. मतदानाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही, काढून करणार काय होतो. संध्याकाळी टीव्हीवर टक्केवारी सुरू झाली, शेवटी महाराष्ट्रात ६६ टक्क्यांच्या पुढं मतदान, गेल्या कित्येक वर्षांत इतकं झालं नव्हतं म्हणून सगळे खूश. चांगलीच गोष्ट आहे, मी पण मत टाकून आलो होतो. पण आमच्या आळीत त्या दिवशी निम्म्याच्या वर घरांना कुलूप होतं आणि ती कुलपं कुठल्याच टक्केवारीत वेगळी दिसत नाहीत. तुमच्या हिशोबात माझी आई आणि मतदानाची सुट्टी घेऊन लोणावळ्याला गेलेला माणूस एकाच रकान्यात बसतात, "मतदान न केलेले".

दिल्लीत बसून हा प्रकार कदाचित लक्षात येत नसेल म्हणून थोडं सांगतो, महाराष्ट्रातल्या लोकांनी हा भाग सोडून पुढं गेलं तरी चालेल. बीड, शेजारचा पाथर्डी-जामखेडचा पट्टा, जालना, परभणी, धाराशिव, नांदेड, अशा सगळीकडून दसरा-दिवाळीच्या आगेमागे माणसं तोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, काही पार तमिळनाडूपर्यंत. आकडा नेमका कुणाकडेच नाही, दहा ते पंधरा लाख असा अंदाज पेपरात नेहमी छापून येतो. नवरा-बायकोची जोडी हिशोबात एक कोयता धरतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. एक दिवस काम बुडालं तर त्याला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात, ५०० रुपयांपासून पुढं, मुकादम जसा असेल तसा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की मार्च-एप्रिलमध्ये माघारी. ह्यात छुपं काही नाही, शंभर लोकांना विचारा शंभर लोक हेच सांगतील.

आता माझी गाऱ्हाणी. सगळ्यात मोठं गाऱ्हाणं तारखेचं आहे, बाकीची त्याच्या पोटात येतात.

आधीच्या विधानसभा बघा. २००९ ला मतदान १३ ऑक्टोबरला, २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. म्हणजे दिवाळीच्या आधी. माणसं गावात असायची, मत टाकायची, मग गाड्या जुंपायची. कुणी आमचा विचार करून त्या तारखा ठरवल्या होत्या असं मला वाटत नाही, पण जमून जायचं. २०२४ ला हे मोडलं. त्याआधीच्या तिन्ही वेळा हरियाणा आणि महाराष्ट्राची निवडणूक सोबतच झालेली, यावेळी १६ ऑगस्टला हरियाणा आणि जम्मू-काश्मीर जाहीर झालं आणि महाराष्ट्र मागं ठेवला. तेव्हाच्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी पत्रकार परिषदेत कारणं सांगितली: सुरक्षा दलं एकदम सगळीकडं पुरत नाहीत, महाराष्ट्रात जोराचा पाऊस झालाय, यादीचं काम बाकी आहे, आणि पुढं सण आहेत. सणांमध्ये गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी अशी नावं घेतली. मी ती पत्रकार परिषद सेंटरवर बसून मोबाईलवर बघितली होती. पितृपक्ष ऐकलं आणि शेजारी बसलेला एक म्हातारा म्हणाला, मेलेल्यांची अडचण झाली बघा ह्यांना, जित्यांची कधी होणार.

तुमची कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. पाऊस होता, सण होते, दलं कमी पडत असतील. माझं म्हणणं एवढंच की त्या यादीत गाळप हंगाम हा शब्द का नव्हता. हंगाम काही अचानक उगवत नाही, दरवर्षी मंत्री समिती बसते आणि तारीख ठरवते, २०२४ ला १५ नोव्हेंबर ठरली होती. मतदान २० तारखेला. एका सरकारी कागदावर लिहिलेलं की १५ ला कारखाने सुरू होणार, दुसऱ्या सरकारी कागदावर लिहिलेलं की २० ला मतदान होणार, आणि ज्या माणसाला दोन्हीकडं एकदम हजर राहायचंय त्याचं नाव दोन्ही कागदांवर नाही. त्यात १५ ला मोळी टाकून गाळप सुरू करायचं म्हणजे टोळ्या त्याच्या आधीच तिथं पोचाव्या लागतात, कोप्या बांधाव्या लागतात, ते वेगळंच.

आणि तारीख हलवता येत नाही असं तर अजिबात नाही. त्याच २०२४ मध्ये हरियाणाचं मतदान १ ऑक्टोबरवरून ५ ऑक्टोबरला नेलं, कारण बिश्नोई समाजाचे लोक आसोज अमावस्येला राजस्थानातल्या मुकाम नावाच्या तीर्थाला जातात. २०२३ ला राजस्थानचं मतदान २३ नोव्हेंबरवरून २५ ला नेलं, कारण देवउठनी एकादशीला लग्नांचा धडाका असतो. २०२२ ला पंजाबचं १४ फेब्रुवारीवरून २० ला, कारण गुरू रविदास जयंतीला लोक वाराणसीला जातात. महाराष्ट्राच्याच वेळी केरळ, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या पोटनिवडणुका १३ नोव्हेंबरच्या २० ला केल्या, त्यात केरळमधल्या कल्पाथीच्या रथोत्सवाचं कारण होतं. मिझोरममध्ये २०२३ ला मतमोजणी रविवारी आली, ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस, म्हणून ती सोमवारी नेली.

हे सगळं बरोबरच केलं. मला त्याचा आनंद आहे, खरंच आहे, कारण ह्याचा अर्थ असा की इतक्या भाषांच्या आणि इतक्या चालीरीतींच्या देशात आयोग ऐकून घेतो, एका राज्यातला एक समाज चार दिवस दुसऱ्या राज्यात जाणार तर त्यांच्यासाठी अख्ख्या राज्याची तारीख पुढं सरकते. मग प्रश्न पडतो की जत्रेला जाणाऱ्या माणसाचं जाणं दिसतं आणि पोटासाठी जाणाऱ्याचं का दिसत नाही. बिश्नोई समाजाच्या एका संघटनेनं निवेदन दिलं आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं. आमच्याकडून निवेदन देणारा माणूस निवेदन द्यायच्या वेळी फडात असतो, हा मोठा फरक आहे बघा.

दुसरं गाऱ्हाणं गाडीचं. हे जरा जपून लिहितो, कारण कुणाचं नाव घ्यायचं नाहीये आणि घेण्यात अर्थ पण नाही, सगळेच करतात. मतदानाच्या आदल्या रात्री कारखान्यांच्या रस्त्यावर जीप, पिकअप, ट्रक उभे राहतात. कुणी पाठवले ते सगळ्यांना माहीत असतं. मुकादमाला फोन आलेला असतो की अमक्या गावचे इतके माणसं पाठव, खाड्याचं आम्ही बघतो. मग रात्रभर प्रवास, सकाळी मतदान, दुपारी परत गाडीत, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कोयता. कायद्यानं मतदाराला फुकट गाडीनं केंद्रावर आणणं हा भ्रष्ट मार्ग आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये लिहिलंय. ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण विचार करा, ज्या माणसाला स्वतःच्या पैशानं चारशे किलोमीटर यायचं तर जोडीचं जाऊन-येऊन भाडं, दोन-तीन दिवसांचे खाडे आणि मुकादमाची बोलणी एवढं सोसावं लागतं, त्याच्यासाठी दोनच रस्ते उरतात. एक तर मत सोडून द्यायचं, नाहीतर उमेदवाराच्या गाडीत बसायचं. जो गाडी पाठवेल त्याचंच बटण दाबतील असं नाही, आमची माणसं हुशार आहेत, गाडीत एकाच्या बसतात आणि मत दुसऱ्याला टाकतात. पण ज्या उमेदवाराकडं गाड्या पाठवायला पैसा नाही त्याचे मतदार फडातच राहतात, ह्याला काय म्हणायचं? आणि ज्या गावात गाडी फक्त एकाच बाजूची येते तिथं गाडीत कोण बसणार हेसुद्धा तोच बाजूवाला ठरवतो.

फरक किती पडतो असं कुणी विचारेल. २०२४ ला कर्जत-जामखेडचा निकाल १,२४३ मतांनी लागला. मालेगाव मध्यचा तर १६२ मतांनी, तो भाग तोडीचा नाही पण १६२ हा आकडा नुसता बघा. आमच्याकडं मोठ्या वाडीतून एका खेपेला ह्याच्यापेक्षा जास्त माणसं तोडीला जातात.

तिसरं, सुट्टी. पगारी सुट्टी द्यायची असं कलम आहे, १३५ ब, आणि रोजंदारीवाल्याला पण लागू आहे, मतदारसंघाच्या बाहेर कामाला असलेल्याला पण लागू आहे, असं आयोग दर निवडणुकीत सांगतो. छान. आता सांगा ही सुट्टी माझ्या आईला कोण देणार? कारखाना म्हणतो कामगार आमचे नाहीत, वाहतूक ठेकेदाराचे आहेत. ठेकेदार म्हणतो माझा करार मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो मी पण उचल घेऊनच आलोय, कारखाना चालू आहे तर मी टोळी कशी थांबवू. त्यातून कारखाना कर्नाटकातला, निवडणूक महाराष्ट्राची, तिथल्या तहसीलला विचारलं तर त्यांच्याकडं त्या दिवशी निवडणूकच नाही. ज्यांना टनावर पैसे मिळतात त्यांना "पगारी" सुट्टी म्हणजे नेमकं काय, हे आजवर एकाही परिपत्रकात मला दिसलं नाही. दिसलं तर मी ते छापून सेंटरच्या दारावर लावीन.

चौथं गाऱ्हाणं माझ्या कामातलं आहे त्यामुळे ह्यावर मला जास्त बोलायचंय. दरवर्षी मे-जूनमध्ये माणसं गावात असतात तेव्हा माझ्याकडं गर्दी होते. बाई येते, कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड, आधार, मतदान कार्ड, सगळं एका रबरबँडमध्ये. कुणाला शिष्यवृत्ती, कुणाला विहिरीचा अर्ज. मी सवयीनं मतदार यादीत नाव शोधतो आणि मध्येच एखाद्याचं नाव सापडत नाही. कार्ड हातात आहे, नंबर बरोबर आहे, नाव यादीत नाही. चौकशी केली तर कळतं की हिवाळ्यात पडताळणी झाली, घराला कुलूप होतं, शेजाऱ्यानं सांगितलं "ते इथं नसतात", झालं, स्थलांतरित म्हणून शेरा. नोटीस घरी गेली म्हणतात, कुलपाला लावली असणार. मी बीएलओंना, म्हणजे घरोघर पडताळणी करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना दोष देत नाही, ते शिक्षक नाहीतर अंगणवाडी ताई असतात, त्यांच्यावर आधीच दहा कामं आहेत आणि त्यांना दिलेल्या रकान्यांमध्ये "हंगामी गेलेत, एप्रिलात येतील" असा रकानाच नाही. हयात, मयत, गैरहजर, स्थलांतरित. त्यातलं काहीतरी एक निवडायचं.

आणि कायदा काय म्हणतो? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की नेहमीच्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी नाही असं होत नाही. हे वाक्य आमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. ते काउंटरवर दाखवायची वेळ माझ्यावर आलेली आहे, समोरचा माणूस चांगला होता, म्हणाला हो बरोबर आहे, पण आता नवीन फॉर्म ६ भरा. म्हणजे पन्नास वर्षांच्या बाईनं नवीन मतदार म्हणून अर्ज करायचा. बिहारमध्ये २०२५ ला मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं तेव्हा मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली, त्यात मयत आणि दुबार होते तसे कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत असेही होते. त्या वादात मी पडत नाही, तो कोर्टात गेला आणि त्याच्यावर बोलणारे माझ्यापेक्षा शहाणे लोक आहेत. पण "घरी सापडले नाहीत" ह्या तीन शब्दांची आमच्या भागात काय किंमत होऊ शकते ह्याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. डिसेंबर-जानेवारीत घरोघर फिरलात तर आमच्या कितीतरी वाड्या तुम्हाला सापडणारच नाहीत.

आता पाचवं, आणि हे थोडं आशेचं पण आहे. २९ डिसेंबर २०२२ ला आयोगानंच जाहीर केलं होतं की रिमोट मतदान यंत्र तयार केलंय, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांपर्यंतचं मतदान घेता येईल, म्हणजे माणूस कामाच्या ठिकाणाहून आपल्या गावच्या उमेदवाराला मत देईल. त्यात तुम्हीच म्हटलं होतं की ३० कोटींहून जास्त मतदार मतदान करत नाहीत आणि त्याचं एक मोठं कारण देशातल्या देशात होणारं स्थलांतर आहे. आमच्याकडं तो मेसेज व्हॉट्सॲपवर इतका फिरला की विचारू नका, लोक मला विचारायला यायचे, ते मशीन आपल्या कारखान्यावर कधी येणार. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलं, बऱ्याच पक्षांनी शंका काढल्या, आणि विषय तिथंच गार झाला. शंका बरोबर असतील. आचारसंहिता दुसऱ्या राज्यात कशी पाळणार, एजंट कुठून आणणार, हे प्रश्न खरेच आहेत. पण मशीन नको तर नको, मग दुसरं काय, ह्याचं उत्तर ना पक्षांनी दिलं ना तुम्ही.

आणि दुसरं काय, ते तुमच्याच रेकॉर्डला आहे. काश्मिरी विस्थापितांसाठी २०२४ च्या जम्मू-काश्मीर विधानसभेला जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत मिळून २४ विशेष मतदान केंद्रं होती. त्रिपुरातल्या छावण्यांत राहणाऱ्या ब्रू लोकांना २०१८ च्या मिझोरम विधानसभेसाठी सीमेवरच्या कान्हमुनला मतदान करता आलं. मणिपूरच्या विस्थापितांना २०२४ च्या लोकसभेला छावणीजवळ केंद्रं मिळाली. त्यांच्यावर जे गुदरलं त्याच्याशी आमची बरोबरी करायची माझी हिंमत नाही, ते घरादारातून उठवले गेले, आम्ही दरवर्षी परत येतो. मी फक्त एवढं दाखवतोय की एका राज्याच्या विधानसभेचं मत दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेच्या मुलखात बसून टाकता येतं, हे तुम्ही करून दाखवलंय. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी तुमचं पथक जातं, त्याची बातमी दर निवडणुकीला येते आणि मला ती मनापासून आवडते. ८५ वर्षांवरच्या लोकांच्या घरी पेटी जाते. मुंबई-पुण्यात उंच सोसायट्यांच्या आवारात मतदान केंद्रं दिली, का तर तिथले लोक खाली उतरून रांगेत उभे राहायचा कंटाळा करतात. २०२४ ला महाराष्ट्रात लाखाच्या वर मतदान केंद्रं होती. साखर कारखाने राज्यात चालू असतात दोनशेच्या आसपास. गणित तुम्हीच करा.

आता मला जी उत्तरं मिळालीत, वेगवेगळ्या टेबलांवर, ती पण सांगतो, म्हणजे तीच परत येणार नाहीत.

एक उत्तर असं की फॉर्म ८ भरा आणि नाव कारखान्याच्या गावाला हलवा. साहेब, कोपी एका गावात महिनाभर असते, फड संपला की दुसरीकडं. आणि समजा हलवलं, तर आई कर्नाटकातल्या आमदाराला मत देणार, ज्याची भाषा तिला येत नाही आणि तिचा त्याच्याशी संबंध पाच महिने ऊस तोडण्यापुरता. तिथली विधानसभा निवडणूक २०२३ ला १० मे ला झाली, तेव्हा ती गावात असते. तिची शाळा, दवाखाना, रेशन, पाणी, ऊसतोड कल्याण महामंडळ, हे सगळं महाराष्ट्राच्या विधानसभेच्या हातात आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय २०१९ ला विधिमंडळातच गाजला, त्यावर समिती बसली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा विषय कुठल्या विधिमंडळात गाजला ते बघा. मग त्या विधिमंडळात कोण बसणार हे ठरवायच्या दिवशी ह्याच बायका फडात असाव्यात का?

दुसरं उत्तर, कारखाने आठवडाभर उशिरा सुरू करा. हे ऐकायला सोपं आहे. पण शेतकऱ्याला रान मोकळं करून गहू-हरभरा पेरायचा असतो, उभा ऊस वाळला की वजन घटतं, आणि हंगाम आखूड झाला की टन कमी आणि आमची उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर चढते. आमच्या मताची किंमत शेतकऱ्यानं आणि आम्हीच का द्यायची, तारीख तुमच्या हातात असताना?

तिसरं उत्तर, पोस्टल मतपत्रिका. १९५१ च्या कायद्यात कलम ६० मध्ये आयोग सरकारशी बोलून एखाद्या वर्गाला टपाली मतदानाचा हक्क देऊ शकतो, हे मला माहीत आहे, म्हणजे नवीन कायदा करायची पण गरज नाही. पण माझं स्वतःचं मत विचाराल तर कोपीला पत्ता नसतो, आणि लिफाफे मुकादमाच्या हातात पडले तर पन्नास मतं तो एकटाच घडी घालून पाठवेल. त्यापेक्षा कारखान्याच्या गावातल्या शाळेत एक खोली, तुमची माणसं, तुमचा पडदा आणि शाई, हे बरं.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, आमच्यात पण काही जण म्हणतात की एक देश एक निवडणूक आली तर एप्रिल-मेमध्येच सगळं होईल आणि हा प्रश्नच मिटेल. लोकसभेला बीडचं मतदान १३ मे २०२४ ला झालं तेव्हा सगळी माणसं गावात होती, हे खरं आहे. पण राज्याची निवडणूक राज्याच्या प्रश्नांवर वेगळी व्हावी असं मला वाटतं, आणि आमची सोय व्हावी म्हणून राज्यघटना बदला असं काही आम्ही मागत नाही. नुसतं कॅलेंडर बघा एवढंच मागतोय.

मागण्या लिहितो.

१. महाराष्ट्राची पुढची विधानसभा. आताच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२९ च्या सुरुवातीला संपते आणि कायद्यानं सहा महिने आधीपर्यंत निवडणूक घेता येते. २०२९ चं मतदान ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, काही झालं तरी गाळप सुरू व्हायच्या आधी. तारीख ठरवताना साखर आयुक्तालयाला लेखी विचारा आणि त्यांनी काय कळवलं ते जाहीर करा.

२. काही कारणानं ते जमलंच नाही तर महाराष्ट्रातल्या चालू कारखान्यांच्या गावी विशेष मतदान केंद्रं द्या. मुकादमांचे करार पावसाळ्यातच होतात, कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं देण्याचं काम झालेलं आहे, यादी करायची म्हटलं तर होते. कर्नाटक आणि गुजरातसाठी तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांशी बोलून जिथं आमच्या टोळ्या जास्त आहेत तिथं निदान तालुक्याला एक केंद्र. तिथल्या सूचना आणि फलक मराठीत लावा, लोकांना कन्नड-गुजराती वाचता येत नाही.

३. ऑक्टोबर ते एप्रिल ह्या काळात स्थलांतराच्या तालुक्यांत कुलूप बघून नाव कमी करू नका. बीएलओच्या ॲपमध्ये "हंगामी स्थलांतर" असा पर्याय द्या. घरोघर पडताळणी करायची तर मे ते सप्टेंबरमध्ये करा. ज्यांची नावं ह्या कारणानं गेलीत त्यांची ती नवीन फॉर्म न भरता परत घ्या.

४. १३५ ब कलमाची सुट्टी ऊसतोड कामगाराला कोण देणार, कारखाना की ठेकेदार, आणि टनावर काम करणाऱ्याला किती पैसे, हे एका पानावर स्पष्ट लिहून काढा. त्या दिवसाचा खाडा कापला तर तक्रार कुठं करायची तो नंबर पण द्या, आणि तो नंबर कर्नाटकातून लावला तरी मराठीत बोलणारा माणूस उचलेल असं बघा.

५. मतदानाच्या आदल्या रात्रीच्या गाड्यांचं बघा. पकडायचं म्हणत नाही, पकडलं तर आमचीच माणसं रस्त्यावर बसतील. एसटीच्या गाड्या तुमच्याकडून सोडा, म्हणजे उमेदवाराच्या गाडीची गरज राहणार नाही.

६. रिमोट मतदानाचं पुढं काय, बंद केलं की चालू आहे, ते एकदा सांगून टाका.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो हे मला माहीत आहे, त्यांना वेगळं पत्र लिहितोय, तिथं तर ह्याच्याहून वाईट आहे कारण एखाद्या गणाचा, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाचा निकाल थोड्याशा मतांवर लागू शकतो. पण तारखेचा आणि यादीचा नियम तुम्ही घालून दिला तर त्यांनाही तो सोडून वागणं अवघड जाईल.

हे पत्र मी स्पीड पोस्टानं पाठवतोय आणि इथं पण टाकतोय, म्हणजे मिळालं नाही असं व्हायला नको. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गावाला हेच होत असेल, तर आपल्या तालुक्याचं नाव लिहून पुढं पाठवा. ज्यांची नावं यादीतून गेलीत त्यांनी जुनं कार्ड जपून ठेवा, फेकू नका. आयोगाकडून उत्तर आलं की जसंच्या तसं टाकतो. उत्तर शक्यतो मे ते सप्टेंबरमध्ये पाठवा, कारण ज्यांच्यासाठी ते मागितलंय ती माणसं तेव्हा घरी असतात.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक मतदार
(आई-वडील: ऊसतोड कामगार, दोघांचीही नावं सध्या तरी यादीत आहेत)